लॅपटॉप म्हातारा झालाय, की ठरवलाय?

गेल्या काही महिन्यांत तुमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न एकदा तरी येऊन गेला असेल. ‘माझा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीये. नवीन घ्यावा लागेल का?’ त्यावरची उत्तरंही ठरलेली. एक जण म्हणतो, लिनक्स टाक, रॉकेट होतं. दुसरा म्हणतो, मॅक घे आणि सुटलास. तिसरा नुसताच हसणारा इमोजी टाकून गायब. आणि ज्याने विचारलं, तो बिचारा घरी पन्नास हजारांचा विषय कसा काढायचा या विवंचनेत.

हे सगळं सुरू झालं ते १४ ऑक्टोबर २०२५च्या तारखेमुळे. जुलै २०१५मध्ये आलेल्या विंडोज १०चे मोफत अपडेट मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी बंद केले. त्या दिवशी तुमचा लॅपटॉप बंद पडला नाही, आजही तो तसाच सुरू होतो. पण सिस्टिममध्ये नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला आता कंपनी आपणहून येणार नाही. सरळ उपाय म्हणजे विंडोज ११, जे फुकटच आहे. अडचण अशी की ते लाखो चालत्या मशीनवर चढतच नाही. कॅनालिस या बाजार-विश्लेषण संस्थेने डिसेंबर २०२३मध्येच अंदाज मांडला होता, की या निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी कम्प्युटर भंगारात जाऊ शकतात. त्यातला एक कदाचित तुमच्या सॅकमध्ये आहे.

नवीन मशीन घेण्याआधी एक गुंता सोडवू या. तुमच्या लॅपटॉपला इथे दोन वेगवेगळे प्रश्न विचारले जातायत आणि आपण ते एकच समजून बसलोय. पहिला, नवी सिस्टिम ओढायची ताकद त्याच्यात आहे का? दुसरा, ती घालायची त्याला परवानगी आहे का? बहुतेकांचं गाडं अडलंय ते दुसऱ्या प्रश्नावर. लॅपटॉप हळू चालतो याचं खापरही मग त्याच प्रश्नावर फुटतं. खरं तर या दोघांचा संबंध फारच थोडा आहे.

गेटवरचा वॉचमन

विंडोज ११ला कागदावर काय लागतं? एक गिगाहर्ट्झचा, किमान दोन कोअरचा ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. एक गिगाहर्ट्झची अट तर २००९च्या विंडोज ७लाही होती! म्हणजे ताकदीच्या हिशोबाने २०१५चा कुठलाही बरा लॅपटॉप इथे आरामात पास व्हायला हवा. तो नापास होतो ते पुढच्या अटींवर. टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी, सिक्युअर बूट हवं आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते आणि एएमडीच्या बाबतीत रायझन २००० मालिकेपासून.

यातल्या कुठल्याही अटीचा वेगाशी थेट संबंध नाही. टीपीएम तुमच्या डिस्कचं कुलूप लावणाऱ्या किल्ल्या सांभाळते. सिक्युअर बूट सुरू होताना कुणी भलताच कोड घुसवत नाही ना हे बघतं. प्रोसेसरच्या अटीमागचं एक तांत्रिक कारण मात्र समजून घेण्यासारखं आहे. विंडोजचा गाभा वेगळ्या कप्प्यात ठेवून त्याची राखण करणारी ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सोय नव्या चिप्समध्ये हार्डवेअरच्या मदतीने चालते. जुन्या चिप्सना तेच काम सॉफ्टवेअरमधून करावं लागतं आणि त्यात वेग जातो. नव्या मशीनवरही ही सोय गेमिंगमध्ये थोडे फ्रेम खाते. म्हणून ती बंद कशी करायची हे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय. सुरक्षा आणि वेग यांची ही ओढाताण खरी आहे आणि कंपनीने सुरक्षेच्या बाजूने कौल दिला. त्यात चूक काढता येणार नाही.

पण मग सातव्या पिढीतला आय७-७८२०एचक्यू हा प्रोसेसर यादीत कसा आला? कारण तो मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २मध्ये बसवलेला होता. घरचं लग्न म्हटल्यावर पत्रिका थोडी मागेपुढे जुळवतातच!

म्हणून ‘पात्र नाही’ असा मेसेज दिसला की लगेच नवीन लॅपटॉप शोधायला बसू नका. आधी पिढी बघा. प्रोसेसरच्या नावातच ती असते. आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. आठवी किंवा पुढची असूनही नकार येत असेल, तर बहुधा टीपीएम बायोसमध्ये बंद पडून आहे. इंटेलच्या मशीनवर त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीवर एफटीपीएम. बायोसमध्ये ते सुरू केलं की काम झालं. कॉलेज सुटल्यावर सेकंडहँड लॅपटॉप बघायला जाणार असाल, तरी पहिला प्रश्न हाच विचारा. ‘आय सेव्हन आहे, एकदम टॉप’ हे वाक्य ऐकून भुलू नका. सहाव्या पिढीचा आय७ गेटवर अडतो आणि आठव्या पिढीचा आय३ आत जातो.

अटींना वळसा घालून विंडोज ११ चढवता येतं, याचे व्हिडिओ तुम्ही बघितलेच असतील. जमतं ते. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी नाही असं कंपनीने स्पष्ट सांगितलंय, आणि दरवर्षीचा मोठा अपडेट हाताने चढवावा लागतो. ज्याला खटपटीची हौस आहे त्याने करावं. सबमिशनच्या आदल्या रात्री मशीन रुसलं तर ज्याला घाम फुटतो, त्याने नको.

‘चालतं’ म्हणजे नक्की काय?

आता ताकदीकडे येऊ. ऑपरेटिंग सिस्टिमच्या किमान अटी म्हणजे लोकलच्या डब्यावर लिहिलेली आसनक्षमता. आकडा खोटा नसतो, पण प्रवास कसा होईल ते त्यावरून कळत नाही. २००१च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम पुरायची. २०२१च्या विंडोज ११ला ४ जीबी लागते, म्हणजे वीस वर्षांत ६४ पट. पण एक्सपी ६४ एमबीवर जसं रडतखडत चालायचं, तसंच विंडोज ११ ४ जीबीवर चालतं. मशीन सुरू होतं, क्रोम उघडतं, वर टीम्स किंवा झूम लावलं की सगळं थिजतं. व्हिस्टाच्या वेळी ‘व्हिस्टा केपेबल’ असा स्टिकर लावून विकलेल्या मशीनवर तिचा नवा चेहरामोहराच चालत नव्हता. त्यावरून अमेरिकेत मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं गेलं होतं. तेव्हा ‘मिनिमम’ या शब्दाकडे जरा संशयानेच बघावं.

तुमचा लॅपटॉप नक्की कशाने अडतोय, हे दहा मिनिटांत कळतं. नेहमीचं काम उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जा. तिथे डिस्क सारखी १०० टक्क्यांवर दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर गुन्हेगार सापडला. फिरत्या डिस्कला विखुरलेली माहिती शोधायला दर वेळी साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर शोध. साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो शोध घेते. सिस्टिम सुरू होताना अशाच हजारो बारीकसारीक फायली उघडल्या जातात. म्हणूनच हार्ड डिस्कवरचं विंडोज चहा करून येईपर्यंत थांबवतं आणि त्याच मशीनमध्ये एसएसडी टाकली की नवीन घेतल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे विंडोज ११च्या किमान अटींमध्ये एसएसडीचं नावच नाही. ज्या गोष्टीने वेगात सगळ्यात जास्त फरक पडतो, तीच वॉचमन विचारत नाही!

डिस्क ठीक आणि मेमरी ९० टक्क्यांच्या वर, असं दिसलं तर रॅम कमी पडतेय. रॅम भरली की सिस्टिम सामान डिस्कवर टाकते आणि लागलं की परत उचलते. त्या उचल-ठेवीलाच आपण ‘हँग झाला’ म्हणतो. इथे मात्र सिस्टिमनुसार खरा फरक पडतो. काहीही न उघडता विंडोज ११ साधारण ३ जीबीच्या आसपास रॅम धरून बसतं. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू यांसारख्या हलक्या लिनक्सचं तेवढ्यात एक जीबीच्या आत-बाहेर भागतं. चार जीबीच्या मशीनवर हा फरक म्हणजे काम होणं आणि न होणं. सोळा जीबीच्या मशीनवर मात्र तो जवळजवळ जाणवत नाही. उलट तिथे विंडोज रिकामी रॅम दिसली की नेहमीची अ‍ॅप्स आधीच भरून ठेवतं, आणि ते चांगलंच असतं. रॅम रिकामी ठेवून व्याज मिळत नाही.

म्हणजे ‘लिनक्स फास्ट असतं’ हे वाक्यही अर्धवट आहे. कुठलं लिनक्स? लिनक्स हा फक्त गाभा, वरचा डेस्कटॉप वेगवेगळा. उबुंटू २४.०४ आपल्या नेहमीच्या नोम डेस्कटॉपसह दोन गिगाहर्ट्झचा ड्युअल कोअर, ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागा मागतं, म्हणजे प्रोसेसर आणि रॅमच्या बाबतीत विंडोज ११पेक्षा काही नम्र नाही. मिंटची किमान मागणी २ जीबी, पण सुखाने वापरायला ४ जीबी, असं ते स्वतःच सांगतात. गुगलचं क्रोमओएस फ्लेक्स ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागेत बसतं. पण ते म्हणजे जवळपास नुसता ब्राउझर, अँड्रॉइडची अ‍ॅप्स त्यावर चालत नाहीत.

आणि काहीही टाकलंत तरी त्यावर तुम्ही क्रोमच उघडणार ना? वीस टॅब, त्यात एक यूट्यूब, एक गुगल डॉक्स, एक एआय चॅटबॉट. ही टॅब मंडळी लिनक्सवरही तेवढीच रॅम खातात. सिस्टिम बदलून तुम्ही दोनेक जीबी वाचवता, त्यापुढची भूक वेबसाइटची आहे. पास्कल ही भाषा बनवणाऱ्या निकलॉस विर्थ यांनी १९९५मध्येच तक्रार केली होती, की हार्डवेअर जितक्या वेगाने सुधारतं त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर सुस्तावतं. तेव्हा त्यांनी आजचा ब्राउझर बघितलाही नव्हता.

मध्येच एक बारकी गोष्ट. ‘माझं विंडोज आठ सेकंदांत सुरू होतं’ अशा तुलनांवर फार जाऊ नका. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. शट डाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो. लिनक्स दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतं. त्यामुळे दोघांच्या घड्याळांची तुलना बरोबरीची होत नाही. याचा एक उपयोगही लक्षात ठेवा. विंडोज विचित्र वागत असेल तर शट डाउन करून फायदा नाही, रिस्टार्ट करा. खरी ताजी सुरुवात त्यानेच होते.

आता मॅकवाल्या मित्राकडे वळू. अ‍ॅपलच्या एम१ चिपनंतरचे मॅक कमी रॅममध्येही चपळ वाटतात हे खरं आहे. सिस्टिम आणि हार्डवेअर एकाच कंपनीचं असल्याचा तो फायदा. पण वॉचमन तिथेही आहे. मार्च २०२०मध्ये आलेल्या इंटेलवाल्या मॅकबुक एअरला सप्टेंबर २०२५चं मॅकओएस टाहो मिळालंच नाही. साडेपाच वर्षांत गेट बंद! शिवाय इंटेल मॅकसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती असेल, असं अ‍ॅपलने जाहीर केलंय. ‘मॅक घे आणि सुटलास’ असं म्हणणाऱ्याला हे सांगा.

खिशाचा हिशोब

एरवी रॅम वाढवायचा सल्ला डोळे झाकून दिला असता. सध्या तसं नाही. एआयच्या डेटा सेंटर्सना प्रचंड मेमरी लागतेय आणि जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. त्यांचा ओढा साहजिकच बड्या गिऱ्हाइकाकडे. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने ‘क्रूशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. क्रूशियलची रॅम टाकून कितीतरी पोरांनी आपले लॅपटॉप तगवले होते. एका बाजूला मायक्रोसॉफ्ट ‘कोपायलट प्लस’ पीसीसाठी किमान १६ जीबी रॅम मागतंय आणि दुसऱ्या बाजूला तीच रॅम महाग होतेय. नवीन लॅपटॉपच्या किमतीतही हे उतरणारच. त्यामुळे हातातलं मशीन आणखी वर्ष-दोन वर्षं चालवण्याला आज नेहमीपेक्षा जास्त किंमत आहे.

मग करायचं काय? ते तुम्ही काय शिकता यावर ठरेल. बीएस्सी आयटी, कम्प्युटर इंजिनीअरिंग, डेटा सायन्सवाल्यांनी जुन्या मशीनवर लिनक्स टाकायला अजिबात घाबरू नये. पायथन, जीसीसी, गिट, डॉकर सगळं तिथे घरच्यासारखं आहे, आणि नोकरीला लागल्यावर सर्व्हरवर तेच भेटणार आहे. मेकॅनिकल किंवा सिव्हिलवाल्यांचं ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स, कॉमर्सवाल्यांचं टॅली, डिझाइनवाल्यांचं फोटोशॉप मात्र लिनक्सवर सरळ चालत नाही. वाइनसारख्या जुगाडावर अभ्यासक्रम अवलंबून ठेवू नका. गेमर्सनाही सूचना. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, आणि विंडोज ११वर तर ते स्वतःच टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतं.

कला शाखेच्या आणि मराठीत लिहिणाऱ्या मंडळींसाठी एक वेगळी अडचण आहे. युनिकोड मराठी लिनक्सवर छान टाइप होतं, इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो. पण विंडोजवरचा मंगल फॉन्ट तिथे नसतो. त्याच्या जागी नोटो किंवा लोहित आला की ओळींची लांबी बदलते, पानं सरकतात आणि लायब्ररीत बसून घासून केलेल्या ब्लॅक बुकची अनुक्रमणिका खोटी ठरते. फाइल देताना पीडीएफ करून द्या. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर काम करत असाल, तर विंडोज सोडू नका.

विंडोज १०वरच राहायचं असेल तर एक खिडकी अजून उघडी आहे. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून मिळतात. त्यासाठी ३० डॉलर भरायचे, किंवा १,००० मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड पॉइंट द्यायचे, किंवा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन करून आपल्या सेटिंग्ज क्लाउडवर सिंक करायच्या. तिसऱ्या पर्यायाला पैसे लागत नाहीत. विंडोज १०ची शेवटची २२एच२ ही आवृत्ती असेल तर विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. नुकतंच विंडोज १० घेऊन बसलेल्या कितीतरी मुलांना हे माहीतच नाही. कॉलेजच्या स्वागतकक्षातल्या फलकावर लावावी अशी ही माहिती आहे.

‘अपडेट नसले तर काय बिघडतं’ असं वाटत असेल, तर मे २०१७ आठवा. वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने सुमारे १५० देशांतले दोन लाखांवर कम्प्युटर कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो घुसला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता, ते अडकले. हा व्हायरस कुणी लिंकवर क्लिक करायची वाट बघत नव्हता, एकाच नेटवर्कवरच्या एका मशीनवरून दुसऱ्यावर आपला आपण पसरत होता. हॉस्टेलचं वायफाय, लॅबचं नेटवर्क आणि झेरॉक्सच्या दुकानात दहा मशीनना लागून आलेला पेन ड्राइव्ह डोळ्यांसमोर आणा.

लॅबचा विषय निघालाच आहे, तर हा प्रश्न विभागप्रमुखांनाही विचारायला हरकत नाही. सहाव्या-सातव्या पिढीचे चाळीस पीसी बदलायचा खर्च शेवटी कुणाच्या फीमधून निघतो? सी किंवा पायथनच्या प्रॅक्टिकलला विंडोज ११ची काहीच गरज नाही. केरळच्या सरकारी शाळांमध्ये कितीतरी वर्षं लिनक्सवरच आयटी शिकवलं जातंय. आपल्याकडच्या पदवी कॉलेजांना ते झेपू नये, असं त्यात काही नाही.

तुम्ही मात्र थेट फॉरमॅट मारू नका. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट उतरवा, त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा आणि काहीही इन्स्टॉल न करता दोन-तीन तास वापरून बघा. वायफाय धरतं का, स्पीकर वाजतो का, टचपॅड नीट चालतो का, युनिव्हर्सिटीचं पोर्टल उघडतं का, घरचा प्रिंटर ओळखतो का. पेन ड्राइव्हवरून चालताना ते जरा हळूच वाटेल, तेवढ्यावर वेग जोखू नका. काही लॅपटॉपवर लिनक्समध्ये बॅटरी लवकर उतरते, तेही एकदा तपासा. आणि जमलं, टाकायचं ठरलं, तर आधी फोटो आणि असाइनमेंट दुसरीकडे कॉपी करा आणि बिटलॉकरची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून वहीत लिहून ठेवा. बायोसमध्ये हात घातल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि तेव्हा ती त्याच बंद लॅपटॉपमध्ये असून उपयोग नसतो.